वाहनातील पोर्टेबल फ्रिज

वाहनातील पोर्टेबल फ्रिज (वहनीय शीतकपाट) म्हणजे मोटार, जीप, ट्रक, कॅराव्हॅन किंवा होडीत ठेवून नेता येणारा आणि वाहनाच्या १२ किंवा २४ व्होल्टच्या एकदिश विद्युत पुरवठ्यावर चालणारा लहान फ्रिज होय. असे बहुतेक फ्रिज पेटीच्या आकाराचे असतात व त्यांचे झाकण वरून उघडते. धारणक्षमता साधारणपणे १५ ते ९५ लिटर असते. तंबूतील मुक्काम, लांब पल्ल्याचा रस्त्यावरील प्रवास, ट्रकचालकांचे रोजचे जेवणखाण, मासेमारी, क्षेत्रीय संशोधन आणि औषधांची ने-आण यांसाठी त्यांचा उपयोग होतो.

बाजारात ‘कार फ्रिज’ या एकाच नावाखाली अगदी भिन्न तत्त्वांवर चालणारी यंत्रे विकली जातात. बाहेरून ती सारखीच दिसतात. मात्र मे महिन्याच्या उन्हात एकीत दूध टिकते आणि दुसरीत काही तासांत नासते. त्यामुळे फ्रिज निवडताना झाकणाचा रंग, चाके किंवा मोबाइलवरून चालणारे नियंत्रण यांपेक्षा तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात: थंडावा कोणत्या तत्त्वाने निर्माण होतो, त्यासाठी लागणारी वीज कोठून येते आणि आत नेमके काय ठेवायचे आहे.

इतिहास

प्रवासात वस्तू थंड ठेवण्याचे यंत्रपूर्व उपाय दोन होते: बाष्पीभवन आणि बर्फ. माठ व ओले केलेले वाळ्याचे पडदे ही बाष्पीभवनाची भारतातील परिचित उदाहरणे होत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणींच्या प्रदेशात १८९०च्या दशकात ‘कूलगार्डी सेफ’ नावाचे कपाट प्रचारात आले. त्याच्या चौकटीवर गोणपाट ताणलेले असे आणि वरच्या तबकातील पाणी त्यात झिरपत राही. कोरड्या वाऱ्याने पाणी उडून जाताना आतील लोणी व मांस गार राहत असे. या पद्धतीची मर्यादा हवेतील आर्द्रता ठरवते. विदर्भातील उन्हाळ्यात ती चांगली चालते, तर कोकणातील पावसाळ्यात जवळजवळ निरुपयोगी ठरते.

बर्फाचा व्यापार याहून जुना आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथून फ्रेडरिक ट्यूडर याने पाठविलेले बर्फाचे जहाज १८३३ मध्ये कोलकात्यास पोहोचले. निघताना त्यात सुमारे १८० टन बर्फ होता व चार महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर त्यांपैकी सुमारे १०० टन शिल्लक होता. जहाजावर कोणतेही यंत्र नव्हते. जे साधले ते निव्वळ उष्णतानिरोधक थरांच्या बळावर. आजच्या फ्रिजच्या बाबतीतही भिंतीची जाडी हा सर्वांत कमी जाहिरात होणारा आणि सर्वांत उपयोगी गुण आहे.

यांत्रिक प्रकारांची मुळे स्वतंत्र आहेत. झां शार्ल पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून विद्युत प्रवाह गेल्यास तेथे उष्णता शोषली किंवा बाहेर टाकली जाते, असे दाखवले. १८३८ मध्ये एमिल लेंट्स याने बिस्मथ व अँटिमनी यांच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवला आणि प्रवाहाची दिशा उलटवून तो पुन्हा वितळवला. वाहनातील स्वस्त ‘थंड-गरम’ पेट्यांत आजही हीच क्रिया घडते. धातूंच्या जागी बिस्मथ टेल्युराइडसारखे अर्धसंवाहक आले, एवढाच फरक.

शोषण पद्धतीचा कोणताही हलणारा भाग नसलेला फ्रिज स्टॉकहोम येथील बाल्ट्सार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटेर्स या विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये तयार केला. इलेक्ट्रोलक्स कंपनीने लवकरच त्याचे हक्क घेतले. कॅराव्हॅनमध्ये गॅसवर चालणारे फ्रिज याच रचनेचे वंशज आहेत. अल्बर्ट आइन्स्टाइन व लिओ सिलार्ड यांनीही याच काळात हलत्या भागांविना चालणाऱ्या फ्रिजवर काम केले व त्यासाठी १९३०मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवले. मात्र ती रचना घराघरांत पोहोचली नाही.

तिसरा प्रकार घरगुती फ्रिजप्रमाणे संपीडकाचा, म्हणजे कॉम्प्रेसरचा. तो वाहनात आणण्यासाठी कमी व्होल्टवर चालणारा, हादरे व तिरपेपणा सोसणारा लहान कॉम्प्रेसर आवश्यक होता. डेन्मार्कमधील डॅनफॉस कंपनीची ‘बीडी’ मालिका (हा व्यवसाय २०१० नंतर सेकॉप या नावाने चालतो) आणि जपानमधील सावाफुजी कंपनीचा ‘एन्गेल’ फ्रिजमध्ये वापरला जाणारा दोलनशील कॉम्प्रेसर यांमुळे हे शक्य झाले. विस्तीर्ण व विरळ वस्तीच्या ऑस्ट्रेलियात या फ्रिजला मोठी मागणी निर्माण झाली.

प्रकार

पेल्टिए किंवा ताप-विद्युत पेटी वजनाने हलकी व किमतीने सर्वांत स्वस्त असते. तिच्यात प्रशीतक वायू नसतो. एक लहान चकती, दोन धातूचे पंखाकृती तुकडे व पंखे एवढेच भाग असतात. प्रवाहाची दिशा बदलली की तीच पेटी डबा गरम ठेवते. तिचा मूलभूत दोष असा की ती ठराविक तापमान गाठत नाही. ती केवळ भोवतालच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंश सेल्सिअसने कमी तापमान राखू शकते. माहितीपत्रकात ही गोष्ट बारीक अक्षरांत दिलेली असते. महाबळेश्वरच्या हिवाळ्यात भोवताली २० अंश असताना आत ३–४ अंश मिळतील; परंतु मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर उन्हात उभ्या मोटारीत ५० अंश तापमान असेल, तर पेटीत किमान ३० अंश राहतील. अशा पेटीत घरून थंड करून आणलेले पाणी काही तास गार राहते. दूध, शिजवलेले मांस किंवा इन्सुलिन यांसाठी तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

शोषण पद्धतीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, पाणी व हायड्रोजन यांचे मिश्रण उष्णतेच्या साहाय्याने फिरत राहते. ही उष्णता गॅसच्या ज्योतीतून, घरगुती विजेतून किंवा मोटारीच्या बॅटरीतून मिळू शकते. म्हणून त्याला त्रिमार्गी फ्रिज म्हणतात. तो पूर्णपणे निःशब्द असतो आणि गॅसवर अनेक दिवस चालतो. तथापि आतील द्रव गुरुत्वाकर्षणाने वाहत असल्याने फ्रिज समतल असावा लागतो. बॅटरीवर त्याचा वीजवापर इतका जास्त असतो की गाडी चालू असतानाच तो परवडतो. तीव्र उन्हाळ्यात त्याची क्षमता घटते. भारतात घरगुती वापराचा गॅस सिलिंडर इतर कामासाठी वापरण्यास मनाई आहे, आणि धावत्या वाहनात ज्योत पेटती ठेवणे सर्वत्रच घातक मानले जाते. या कारणांमुळे भारतीय प्रवाशांसाठी हा प्रकार क्वचितच योग्य ठरतो.

कॉम्प्रेसरचा फ्रिज बाहेरच्या तापमानावर तुलनेने कमी अवलंबून असतो. तो उणे १८ अंशांपर्यंत तापमान नेऊ शकतो, ठरलेले तापमान आले की थांबतो आणि झाकणाखाली बर्फही तयार करतो. जुन्या यंत्रांत आर-१३४ए हे प्रशीतक असे. त्याची वैश्विक तापवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक असल्याने त्याची जागा आर-६००ए (आयसोब्यूटेन) यासारखी प्रशीतके घेत आहेत. आयसोब्यूटेन ज्वलनशील असले तरी लहान फ्रिजमध्ये त्याचे प्रमाण फारच थोडे असते. किंमत व वजन हे या प्रकाराचे दोष होत: रिकामा फ्रिजच १२ ते २० किलोग्रॅम भरतो.

निव्वळ बर्फपेटी हा चौथा पर्याय या यादीत सहसा धरला जात नाही. तरीही शनिवार-रविवारच्या सहलीसाठी तो पुष्कळदा सर्वांत शहाणपणाचा असतो. जाड भिंतीची चांगली बर्फपेटी दोन दिवस कोणत्याही तारेविना काम करते आणि तिच्यात बिघडण्यासारखे काही नसते.

उष्णतेचे गणित

फ्रिज थंडावा ‘भरत’ नाही. तो आत शिरणारी उष्णता बाहेर फेकतो. किती उष्णता शिरते यावर सर्व काही अवलंबून असते. उदाहरणार्थ, ४० लिटरच्या पेटीचे सरासरी पृष्ठफळ सुमारे ०.८ चौरस मीटर असते. भिंतीत ४० मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम असेल, बाहेर ४० अंश व आत ५ अंश सेल्सिअस असतील, तर भिंतींतून सतत साधारण १७ वॅट उष्णता आत येते. चोवीस तासांत हे सुमारे ४०० वॅट-तास होतात. एक किलोग्रॅम बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. त्या हिशेबाने हीच उष्णता शोषण्यास दिवसाला सुमारे साडेचार किलोग्रॅम बर्फ लागेल.

लहान कॉम्प्रेसर एक एकक वीज खर्चून अशा हवेत साधारण १.३ एकके उष्णता बाहेर टाकतो, असे धरल्यास दिवसाला सुमारे ३१० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर २६ अँपिअर-तास वीज लागते. ४८ वॅटची पेल्टिए पेटी मात्र कधीच थांबत नाही. तिला दिवसाला ९६ अँपिअर-तास लागतात आणि एवढे होऊनही ती ५ अंशांपर्यंत पोहोचत नाही. स्वस्त यंत्राचा वीजखर्च महाग यंत्राच्या तिपटीहून अधिक, असा हा उलटा न्याय आहे.

आत ठेवलेली वस्तू थंड करण्याचा खर्च वेगळा असतो. पाच लिटर पाणी ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणण्यासाठी सुमारे ६३० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यासाठी आणखी ११ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे गरम पाण्याच्या पाच बाटल्या दिवसभराच्या वीजवापराच्या चाळीस टक्क्यांइतकी भर टाकतात. म्हणून फ्रिज निघण्यापूर्वी आदल्या रात्री घरच्या विजेवर थंड करणे, त्यात आधीच थंड झालेल्या वस्तू भरणे आणि काही बाटल्या गोठवून ठेवणे हे उपाय कोणत्याही ‘जलद शीतकरण’ बटणापेक्षा परिणामकारक असतात.

झाकण वारंवार उघडू नये, हा उपदेश सर्वत्र आढळतो. पेटीसारख्या फ्रिजबाबत तो थोडा अतिशयोक्त आहे. ४० लिटर हवा पूर्णपणे बदलून दमट व उष्ण हवा आत आली, तरी तिच्यासोबत जेमतेम ३ किलोज्यूल उष्णता येते. एक लिटर कोमट पाणी आत ठेवणे हे झाकण चाळीस वेळा उघडण्यासारखे आहे. शिवाय थंड हवा जड असल्याने वरून उघडणाऱ्या पेटीतून ती सहजासहजी बाहेर पडत नाही. दमट हवेचा खरा त्रास म्हणजे आतील भिंतीवर साचणारे दव व बर्फाचा थर. कोकणात व गोव्यात तो विशेष जाणवतो.

घरगुती फ्रिजसाठी आंतरराष्ट्रीय मानकांत हवामानाचे वर्ग ठरवलेले आहेत. ‘एन’ वर्गाचा फ्रिज १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ वर्गाचा १६ ते ३८ अंश आणि ‘टी’ वर्गाचा १६ ते ४३ अंश भोवतालच्या तापमानासाठी असतो. पोर्टेबल फ्रिजच्या मागील पट्टीवरही हा वर्ग पुष्कळदा छापलेला आढळतो. भारतात ‘टी’ वर्गापेक्षा कमी काही घेण्यात अर्थ नाही. वीजवापराचे जाहिरातीतील आकडे बहुधा २५ किंवा ३२ अंश तापमानाला मोजलेले असतात. महाराष्ट्रातील उन्हाळ्यासाठी ते दीडपट ते दुप्पट धरणे वास्तवाला धरून होईल.

वीजपुरवठा

प्रवासात फ्रिज बंद पडण्याची कारणे बहुधा फ्रिजमध्ये नसून तारेत व बॅटरीत असतात.

मोटारीची नेहमीची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली असते. ती काही सेकंद प्रचंड प्रवाह देते; पण तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह देत निम्म्याहून अधिक रिकामी झाली, तर लवकर खराब होते. लहान मोटारीतील ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून सुरक्षितपणे जेमतेम २० अँपिअर-तास काढता येतात. वरील हिशेबाप्रमाणे उन्हाळ्यात फ्रिज तिच्यावर एक रात्र कसाबसा चालेल आणि सकाळी गाडी सुरू होईलच याची खात्री नसेल. वस्तीपासून दूर असलेल्या मुक्कामी ही गैरसोय राहत नाही, ते संकट होते. यासाठी कॉम्प्रेसरच्या फ्रिजमध्ये बॅटरी-रक्षणाची सोय असते. तिचे सहसा तीन टप्पे असतात. ‘उच्च’ टप्प्यावर बॅटरीचा दाब साधारण ११.८ व्होल्टच्या आसपास उतरताच फ्रिज बंद होतो. ‘नीच’ टप्प्यावर तो १० व्होल्टच्या जवळपास जाईपर्यंत चालू राहतो. गाडीच्या मुख्य बॅटरीवर फ्रिज चालवताना ‘उच्च’ टप्पा ठेवावा, असे उत्पादक सांगतात. ‘नीच’ टप्पा स्वतंत्र बॅटरीसाठी असतो. फ्रिज कारखान्यातून कोणत्या टप्प्यावर ठेवून आला आहे, हे पहिल्या प्रवासापूर्वी पाहणे आवश्यक असते.

तारेचा प्रश्न कमी परिचित, परंतु अधिक त्रासदायक आहे. ६० वॅटचा फ्रिज चालू असताना सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर अंतर असेल, तर जाण्यायेण्याची मिळून १० मीटर तार होते. ही तार ०.७५ चौरस मिलिमीटरची असेल, तर तिच्यात सुमारे १.२ व्होल्ट वाया जातात. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत हाच तोटा सुमारे ०.१५ व्होल्ट असतो. पहिल्या स्थितीत बॅटरीवर १२.४ व्होल्ट असतानाही फ्रिजला ११.२ व्होल्टच दिसतात, म्हणून तो स्वतःला बंद करतो. बंद होताच प्रवाह थांबतो, दाब पुन्हा १२.४ होतो, फ्रिज सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो. हा खेळ रात्रभर चालतो, बॅटरी जवळजवळ भरलेली राहते आणि सकाळी आतील वस्तू कोमट निघतात. दोष फ्रिजचा समजून तो दुरुस्तीला दिला जातो. सिगारेट लायटरच्या खाचेतील सैल संपर्कामुळेही असेच घडते. बहुतेक मोटारींत ही खाच इंजिन बंद करताच वीज देणे थांबवते, हे आणखी एक कारण. म्हणून नियमित वापरासाठी बॅटरीपासून जाड तारेची स्वतंत्र जोडणी करतात आणि बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरच्या आसपासचा फ्यूज बसवतात. हा फ्यूज फ्रिजपेक्षा तारेच्या रक्षणासाठी असतो. तो नसल्यास तार घासून उघडी पडताच आग लागू शकते.

एका दिवसाहून अधिक मुक्काम असल्यास दुसरी बॅटरी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते व तिची ८० ते ९० टक्के क्षमता वापरता येते, १२.८ व्होल्ट व ५० अँपिअर-तासांची अशी बॅटरी सुमारे ६४० वॅट-तास साठवते. मात्र शून्य अंशाखाली ती भारित करू नये. लडाख किंवा स्पितीच्या प्रवासात पहाटे ही मर्यादा प्रत्यक्षात आड येते. अलीकडील अनेक मोटारींत इंधन वाचवण्यासाठी जनित्राचा दाब संगणकाद्वारे कमी-जास्त केला जातो. अशा वाहनात दुसरी बॅटरी थेट समांतर जोडल्यास ती पुरेशी भरत नाही. एकदिश-ते-एकदिश भारक मध्ये बसवावा लागतो. ज्यांना वाहनात काही बदल करायचा नाही, ते तयार ‘पॉवर स्टेशन’ वापरतात. त्यावर फ्रिज १२ व्होल्टच्या खाचेतून चालवावा. आधी २३० व्होल्ट करून पुन्हा १२ व्होल्टवर आणण्यात दहा-पंधरा टक्के वीज फुकट जाते.

सौर तक्ता हा मुक्कामाचा चांगला सोबती आहे. महाराष्ट्रातील स्वच्छ हवेत १०० वॅटचा तक्ता तोटे वजा जाता दिवसाला साधारण ३५० वॅट-तास, म्हणजे २९ अँपिअर-तास देतो. कडक उन्हाळा सोडल्यास कॉम्प्रेसरच्या एका फ्रिजची गरज त्यातून भागते. गाडी सावलीत हवी व तक्ता उन्हात हवा, हा पेच लांब तार असलेल्या सुट्या तक्त्याने सुटतो. पावसाळ्यात मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही.

आकार व बांधणी

फ्रिज जितका मोठा, तितका चांगला, हा समज खरेदीतील नेहमीची चूक असते. दोन ते चार माणसांच्या तीन दिवसांच्या प्रवासाला ३५ ते ४५ लिटर पुरतात. एकट्याला १८ ते २५ लिटर. अर्धा रिकामा मोठा फ्रिज वीजही अधिक घेतो आणि जागाही. लहान हॅचबॅक मोटारीची डिकी अवघी २६० लिटरच्या आसपास असते, त्यामुळे बाहेरची मापे व झाकण उघडण्यास लागणारी वरची उंची टेपने मोजून पाहणे योग्य. कॉम्प्रेसरच्या बाजूला जाळी असते. तिच्यासमोर काही सेंटिमीटर मोकळी जागा नसेल व सामान रचून ती झाकली गेली, तर बाहेर फेकलेली उष्णता तेथेच कोंडते व वीजवापर झपाट्याने वाढतो.

दोन कप्प्यांच्या फ्रिजमध्ये एकीकडे गोठवण्याची व दुसरीकडे थंड ठेवण्याची सोय असते. ती आकर्षक असली तरी उणे १८ अंश राखण्यास ५ अंशांच्या सुमारे दुप्पट वीज लागते. आइसक्रीमचा मोह टाळता आला, तर लहान बॅटरीत काम भागते.

काय, किती थंड

अन्नसुरक्षेच्या दृष्टीने ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा धोकादायक पट्टा मानतात. दूध, पनीर, शिजवलेला भात, मांस व अंडी घातलेले पदार्थ ५ अंशांखाली ठेवावे लागतात. वास किंवा चव बिघडली नसली तरी अन्न सुरक्षित असतेच असे नाही.

सर्वच गोष्टी थंड ठेवून भागत नाही. हापूस आंबा सुमारे १२–१३ अंशांखाली अधिक काळ राहिल्यास त्याला शीतइजा होते. साल काळवंडते व कच्चे फळ नीट पिकत नाही. केळ्याचेही तसेच. रत्नागिरीहून पेटी आणताना ती फ्रिजबाहेर, हवेशीर जागी ठेवणेच इष्ट. माशांची गोष्ट याच्या उलट आहे. ताजी सुरमई किंवा पापलेट ५ अंशांच्या फ्रिजपेक्षा वितळत्या बर्फात अधिक चांगली टिकते, कारण बर्फ तिला शून्य अंशाजवळ ठेवतो व पृष्ठभाग कोरडा पडू देत नाही. मालवण वा रत्नागिरीहून मुंबई-पुण्यास मासे नेण्यासाठी वापरला जाणारा थर्माकोलचा बर्फाचा खोका या बाबतीत महागड्या फ्रिजला हार जात नाही.

सर्वांत नाजूक वस्तू औषधांची. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा द्रवरूप झाले व दिसायला नेहमीसारखे असले, तरी ते टाकून द्यावे लागते. कॉम्प्रेसरच्या फ्रिजमध्ये नेमका हाच धोका असतो. तापमापक एका ठिकाणी बसवलेला असतो. पडद्यावर ४ अंश दिसत असताना बाष्पकाच्या भिंतीला लागून शून्याखालचे तापमान असू शकते. म्हणून इन्सुलिन भिंतीपासून दूर, वरच्या भागात, कापडात गुंडाळून डब्यात ठेवतात व त्या डब्यात स्वतंत्र तापमापक ठेवतात. बर्फपेटीतही ते बर्फाला चिकटून ठेवू नये. वापरात असलेले इन्सुलिन बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. त्यासाठी फ्रिजची गरज नसते, उन्हात तापलेल्या गाडीपासून दूर ठेवण्याची असते. नेमकी मुदत औषधाच्या वेष्टनावर दिलेली असते. लसींसाठीही २ ते ८ अंश हीच मर्यादा पाळली जाते. मात्र त्यांच्या अधिकृत शीतसाखळीत त्यासाठी मान्यताप्राप्त उपकरणेच वापरतात, सहलीसाठी बनवलेला फ्रिज नव्हे.

सुरक्षितता व देखभाल

भरलेला फ्रिज २५ किलोग्रॅम किंवा अधिक भरतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अपघातात एक दशांश सेकंदात थांबली, तर तो साडेतीनशे किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने पुढे झेपावतो. सीटच्या पट्ट्याने बांधलेला फ्रिज पुरेसा बांधलेला नसतो. तळातील पक्क्या कड्यांना विणलेल्या पट्ट्यांनी तो जखडतात.

कॉम्प्रेसर चालू असताना बहुतेक फ्रिज ३० अंशांपर्यंतचा कल सहन करतात. आडवा ठेवून आणलेला फ्रिज उभा केल्यावर काही तास बंद ठेवतात, कारण कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत गेलेले असते व ते खाली उतरण्यास वेळ लागतो. घाटातील धूळ संघनकाच्या जाळीत साचते. मऊ ब्रशने ती वेळोवेळी झाडावी लागते. प्रवास संपल्यावर फ्रिज पुसून, झाकण किंचित उघडे ठेवून साठवतात. बंद झाकणाखाली राहिलेल्या ओलाव्याने रबरी पट्टीला बुरशी लागते, आणि ती पट्टी सैल झाली की चांगल्या फ्रिजचाही वीजवापर वाढू लागतो.